थेंबबाबा आणि टेपच्या दोन पट्ट्या

शिंप्याच्या मागच्या अंगणात मुंगीलाही जागा नव्हती. पायरीवर माणसं, कुंपणावर माणसं, धुण्याच्या दगडावर दोन म्हाताऱ्या. सगळ्यांच्या नजरा टोमॅटोच्या सहा रोपांवर. लावल्यापासून अकरा दिवस ती सूतभरही वाढली नव्हती. आज बाराव्या दिवशी शिंप्याने टेप लावली आणि तो ओरडला.

"अर्धा इंच!"

"काय म्हणालो होतो?" औषधी थेंब देणाऱ्या थेंबबाबांनी आपली बाटली उंच धरली. "रोप खुंटलं नव्हतं, त्याचा श्वास कोंडला होता! अकरा दिवस माझे थेंब, संध्याकाळी मुळाशी पाणी, दुपारी फडक्याची सावली. हात लावायचा नाही आणि शंका तर मुळीच घ्यायची नाही. शंकेने अमृताचं पाणी होतं!"

"आमच्या ह्यांच्या टकलावर टाका दोन थेंब," एक म्हातारी म्हणाली. "तिथंही बरीच वर्षं काही उगवत नाही."

अंगण हसलं. शिंपी हसला नाही. आत खाटेवर त्याची सोळा वर्षांची लेक पडून होती. क्षयाच्या गोळ्या सुरू होऊन दोन महिने झाले होते. खोकला कमी झाला होता, पण अंगावर मांस चढत नव्हतं. बाबांनी आधीच बजावलं होतं, "रोपं वाढली तर पोरही वाढेल. त्या दिवशी गोळ्या बंद. विष आणि अमृत एका पोटात नांदत नाहीत."

शिंपी भोळा नव्हता. ऐकीव गोष्टीला तो भुलायचा नाही. मापात बसलं तेच खरं, हा त्याचा बाणा. तोच त्याला नडला. संध्याकाळी गोळ्या गटारात गेल्या.

त्यानंतर पाचव्या आठवड्यात दवाखान्यातल्या नर्सताई दारात उभ्या राहिल्या. हातात फुटकी बादली आणि बादलीत पिवळ्या फुलांनी डवरलेलं टोमॅटोचं झाड.

"दादा, दोनदा येऊन गेले. लेक मामाकडे गेलीय म्हणालात. आज तिचा खोकला रस्त्यापर्यंत ऐकू येतोय."

शिंप्याने मान खाली घातली. "आता थेंब चालू आहेत, ताई. रोपं बघा ना माझी."

"तुम्ही माझं बघा. तुमच्याच वाफ्यातलं, तुमच्याबरोबर त्याच दिवशी लावलेलं."

कुणाला रोप दिलं की सोबतच्या काठीला जुन्या टेपची पट्टी बांधून देण्याची शिंप्याला हौस होती. ताईंनी तिच्यावर पेनाने तारखा घातल्या होत्या. शिंप्याने आपल्या रोपाच्या काठीची तशीच तारखा घातलेली पट्टी सोडून शेजारी धरली. अकरा दिवस काही नाही. बारावा दिवस, अर्धा इंच.

"थेंब किती घालत होतात?"

"थेंब कसले? नळाचं पाणी." ताईंनी झाड अलगद उपसलं. मातीखाली पांढऱ्या मुळांचं जाळं होतं. "रोप उपटून दुसरीकडे लावलं की कोवळी मुळं तुटतात. ते आधी खाली सावरतं, मग वर वाढतं. तुमचे हे थेंबबाबा पूर्वी रोपवाटिकेत पाणी घालायचे. दवाखान्यातली झाडं त्यांनीच लावलीत. किती दिवस लागतात ते त्यांना पक्कं ठाऊक. सावली, मुळाशी पाणी, हे कुठलाही माळी सांगेल. थेंब तेवढे फुकाचे. मोजलंत खरं, दादा, पण थेंबाविना एक तरी रोप मोजलंत?"

 शिंप्याने खिशातून मापांची वही काढली आणि एक दुमडलेलं पान उलगडलं. लेकीच्या छातीचं माप. गोळ्या थांबल्या त्या दिवशी तीस इंच. नंतर साडेअठ्ठावीस. काल सत्तावीस.

"मला दिसत होतं, ताई," तो म्हणाला. "शंका घ्यायची नाही म्हणून पान दुमडलं."

लेक त्याच दिवशी इस्पितळात गेली. औषध पुन्हा पहिल्यापासून. "फार उशीर केलात," एवढंच डॉक्टर म्हणाले. थेंबबाबांच्या खोलीला कुलूप लागलं.

आता कुणी रोपं बघायला आलं की शिंपी दोन्ही पट्ट्या त्याच्या हातात देतो. "देवाला मी आजही हात जोडतो," तो सांगतो, "पण डोळेही त्यानेच दिलेत, ते मिटून हात जोडले तर तो कसा पावेल? कुणी चमत्कार दाखवला तर एवढंच विचारा, बाबांनो, की हे केलं नसतं तर काय झालं असतं? आणि औषध थांबवण्याआधी विचारा. मी नंतर विचारलं."

वहीचं ते पान आता उघडंच असतं. लेकीचं आजचं माप सत्तावीस. गेल्या आठवड्याचंही सत्तावीसच होतं; उतरलं नाही, अजून चढलंही नाही.