तिसरी पणती

हो, उकिरडाच बोलतोय मी. नाकाला पदर लावायचा तर खुशाल लावा, पण कान उघडे ठेवा. जे सांगणार आहे ते तुमच्याच स्वयंपाकघरातून निघालेलं आहे.

साताऱ्याकडच्या एका खेड्यात, गोठ्यामागच्या खड्ड्यात मी जन्मलो. शेण, राख, भाजीची देठं, खरकटं, सगळं माझ्या पोटात. मी ते सावकाश जिरवायचो आणि पेरणीआधी शेताला परत द्यायचो. माझी कुणाला लाज वाटत नव्हती. दिवाळीत एक पणती देवापुढे, दुसरी गोठ्यात आणि तिसरी माझ्यापाशी. घरच्या नव्या सुनेनं, गोजरानं, पहिल्या दिवाळीला नाक मुरडलं होतं. "घाणीला कशाला दिवा?"

सासू म्हणाली, "घाण न्हवं बाई, पुढल्या सालाची भाकरी हाय ती."

त्या दिवसापासून ती पणती गोजराच आणायची.

तिचा नवरा हौसेराव वाशीच्या मार्केटात माथाडी. कोपरखैरण्याला बैठं घर मिळालं तशी तीही निघाली. गावात वाटण्या झाल्या होत्या, जनावरं विकली होती आणि माझ्या खड्ड्यावर दिराचं घर उठणार होतं. निघताना ती नवऱ्याला म्हणाली, "भांडी दोन कमी घ्या, पन पोतंभर जुनं खत घ्या."

"अगं, येष्टीतली मानसं जोड्यानं हानतील मला."

"हानू द्यात. इरजनाबिगर दही लागतं व्हय?"

हौसेरावनं मला पाठीवर घेतलं. जन्मभर त्यानं दुसऱ्याचा माल वाहिला. घरचं ओझं असं मी एकटाच.

नव्या घरामागच्या हातभर जागेत तिनं खड्डा खणला आणि मला त्यात घातलं. रोजची सालं-टरफलं वर टाकायची, त्यावर पाचोळा, आणि अधूनमधून फावड्यानं खालीवर करायची. वारा लागला की मी खूश. वारा लागला की माझी माती होते, काळी आणि भुसभुशीत. माझ्या अंगावर न लावता भोपळ्याचा वेल उगवला. फोडी साऱ्या आळीत वाटल्या गेल्या.

पुढे हौसेराव गेला. त्यानंतर गोजरा फावड्याच्या दांड्याला टेकून माझ्यापाशी उगाच उभी राहायची. नवऱ्याच्या खांद्यावरून गावाकडचं जे आलं होतं, त्यातलं जिवंत असं मीच उरलो होतो.

मग चौऱ्याण्णव साली सुरतेत प्लेग आला आणि इथं माणसांची झोप उडाली. सोसायटीचे सेक्रेटरी बाबासो दारात आले. "काकू, उंदीर होतात. खड्डा बुजवायचा. वास पण मारतो."

"माजा भोपळा चापलास तवा न्हाई आला रं वास?"

बाबासो हसले, पण हटले नाहीत. सून तेजश्री मधे पडली. "आत्या, टेन्शन कशाला घेता? कॅरीबॅगेत भरायचं, गाठ मारायची, फेकायचं. विषय संपला."

गोजरानं कपाळाला हात लावला. शेवटी म्हणाली, "दिवाळी हुंद्या. एक पाटी खत काढून ठेवते, मग मीच बुजवते."

दोघांनी माना डोलावल्या. आणि दिवाळी तोंडावर आली असताना ती पणत्या आणायला वाशीला गेली, तेवढ्यात बाबासोंनी बोलावलेली कचऱ्याची गाडी आली. मला फावड्यांनी ओरबाडून वर टाकलं. ती परतली तेव्हा खड्ड्यावर ओलं सिमेंट होतं आणि चहूकडं पांढरी पावडर. सून म्हणाली, "आत्या, किती स्वच्छ दिसतंय बघा!"

मला खाडीच्या कडेला डंपिंगवर ओतलं. माझ्यावर शेकडो घरांच्या गाठी मारलेल्या पिशव्या पडल्या. आत भात, सालं, चपात्या, सगळं माझंच गणगोत, पण प्रत्येकाचं तोंड आवळलेलं. वरून बुलडोझर फिरला. वारा संपला. वाऱ्याविना मी माती होऊ शकत नाही हो, मी नुसता कुजतो. कुजताना माझ्यातून एक वायू निघतो. शिकलेले त्याला मिथेन म्हणतात. तो वर चढतो आणि पृथ्वीवर गोधडीसारखा पसरतो, खालची ऊब बाहेर जाऊ देत नाही. ज्या मी शेतं पिकवली, तोच मी आता आभाळ तापवतो. हे माझ्या नशिबी कुणी लिहिलं? देवानं नाही, तुमच्या गाठीनं.

धनत्रयोदशीला तिन्हीसांजेला गोजरा मला शोधत आली. डोक्यावर पाटी, पाटीत एक पणती. तिथं बायजाबाई नावाची बाई भंगार वेचत होती.

"काय हुडकाय लागलीस, मावशे?"

"माजा उकिरडा."

बायजाबाई खो खो हसली. "अगं माय, समदा उकिरडाच तं हाय! कोनता पायजे, घे."

गोजरानं पिशव्या फाडायला घेतल्या. एक फाडली, दुसरी फाडली. आत काळा, चिकट राडा. मुठीत घेऊन हुंगायची आणि झटकून टाकायची. एकदा तिचा हात माझ्यावरच पडला. मी ओळखलं तिला. तिनं मला ओळखलं नाही. माझा वासच बदलला होता.

पाटी रिकामी राहिली. मग तिनं पदरानं हात पुसले, पणतीत तेल घातलं आणि काडेपेटी काढली. बायजाबाई धावत आली आणि तिनं गोजराचं मनगट धरलं.

"काडी नगं लावू, माय! खालून ग्यास निघतोय. मागं कुनी बिडी टाकली, तं किती दिस पेटत होतं समदं!"

"दिवाळी हाय गं. ह्याला दिवा लागतो."

"आता ह्याला दिवा लागत न्हाई, मावशे. ह्याला दिवा लागला तं तू ऱ्हानार न्हाईस."

गोजरानं काडेपेटी परत कनवटीला खोचली. मग वात तेलात भिजवून तिनं पणती तशीच, न लावता, माझ्यावर ठेवली. रिकामी पाटी उचलली आणि मागं न बघता निघून गेली. पुन्हा आली नाही.

सकाळी बुलडोझर आला.

तेव्हापासून ती पणती माझ्या पोटात आहे. वर पिशव्यांचे थर चढताहेत आणि आतून मी धुमसतोय. ज्याला वर्षाकाठी एक दिवा मिळायचा, तो आज दिव्याला भितो. तुमच्याकडं माझं एवढंच मागणं आहे: माझ्या गणगोताच्या तोंडाला गाठ मारू नका, त्याला चार बोटं माती दाखवा. आणि माझी ती पणती कुणी लावू नका. ती तशीच असू द्या.