फाटकावरची ताई

सिग्नल हिरवा झाला, ड्रायव्हरने ब्रेक सोडला. मुख्य लाइन सोडताना इंजिन जरा डुललं आणि रुळांचा आवाजच बदलला. इथले रूळ जुने, तुकड्यातुकड्यांनी जोडलेले. खडखट, खडखट, कुणी पाळणा हलवावा तसा ठेका.

पूल वाहून गेला तेव्हापासून डोंगरातली ही लाइन तुटली होती. हौशी मंडळींनी वर्षानुवर्षं खपून पूल उभा केला, रूळ जोडले, आणि आज पहिली थेट गाडी निघाली होती. वाट दाखवायला शेजारी याच लाइनीवर केस पिकलेले काका बसले होते.

"सावकाश," काका म्हणाले. "या लाइनीला घाई मानवत नाही."

समोरच्या काचेत धुकं उघडत होतं, मिटत होतं. फांद्या काचेवरून हात फिरवून जात होत्या. नव्या पुलावर तर खाली काहीच दिसेना. गाडी ढगावरूनच चालली होती जणू. आपण जागे आहोत की नाही, याचीच ड्रायव्हरला शंका आली. हात मात्र आपलं काम करत होते.

पुढे त्याच्या ताईचं फाटक होतं. आई गेल्यावर ताईनेच त्याला लहानाचं मोठं केलं आणि मग इथल्या फाटकवाल्याशी लग्न केलं. भावजी वारले तेव्हा लाइन बंदच होती, म्हणून तो तिला न्यायला आला होता. ती हलली नाही. "गाडी नाही, घोडा नाही, फाटक कसलं सांभाळतेस?" तो चिडून बोलून गेला. तेव्हापासून दोघांचा अबोला.

वळण आलं आणि धुक्यात लाल झेंडी हलली. त्याने गाडी थांबवली.

एक बाई रुळांच्या कडेने खिडकीखाली आली. "पुढे झाड आडवं झालंय. मंडळी करवत घेऊन गेलीत." तिने वर पाहिलं आणि झेंडी खाली घेतली. "गुंड्या, तू होय?"

"मीच."

"सुटलास की रे."

"तू वाळलीस."

काका दुसऱ्या बाजूला पाहत राहिले. ड्रायव्हर खाली उतरला. त्याने तिच्या हातातली झेंडी घेऊन उगाचच गुंडाळली.

"त्या दिवशी मी वाट्टेल ते बोललो."

"बोललास खरा. मीही कुठे कमी होते? दाराला कडी घातली होती." ती हसली. "चहा टाकते. काकांनाही सांग."

झाड हलेपर्यंत दोनदा चहा झाला. निघताना त्याने विचारलं, "परतीला येतेस? चार दिवस राहा. पोरं तुला फोटोतच ओळखतात."

"आणि फाटक?"

"परतीला वाट दाखवायला स्टेशनातला दुसरा माणूस येईल," काका म्हणाले. "फाटक मी धरतो. घरी तरी माझी कोण वाट बघतंय?"

उन्हं कलली तेव्हा परतीची गाडी फाटकाशी थांबली. काका झेंडी घेऊन खाली उतरले आणि ताई इंजिनामागच्या डब्यात खिडकीशी बसली. गाडी पुलावर आली. धुकं आता विरलं होतं, आणि खाली नदी दिसत होती.