कोपऱ्यातली बाई

दमयंतीला आई आठवत नव्हती. आठवणार तरी कशी? आई गेली तेव्हा ती नुकती धरून धरून उभी राहायला लागली होती. फोटो काढायची पद्धत तेव्हा गावात नव्हती, आणि असती तरी रात्रंदिवस कामाला जुंपलेल्या सुनेला खुर्चीत बसवून तिचा फोटो कोण काढणार होतं! आईचं म्हणून दमयंतीकडे एकच वस्तू होती, ती म्हणजे माजघरातलं सिनेमाचं पोस्टर.

तिचे वडील, सखाराम, मुंबईला शिळाछापखान्यात कामाला होते. तिथे पोस्टरं दगडावर हातानं काढत आणि मग कागदावर छापत. नायक-नायिकेची तोंडं मोठे पेंटर काढायचे, कोपऱ्यातली किरकोळ माणसं सखारामांच्या वाट्याला यायची. बायको गेली त्या वर्षी अशाच एका कोपऱ्यात, विहिरीवर कळशी घेऊन उभ्या असलेल्या बाईला, त्यांनी तिचा चेहरा दिला. सिनेमा काही पडद्यावर आला नाही. पण पोस्टराची एक प्रत सखारामांनी घडी घालून गावी आणली आणि लेकीला सांगितलं, "ही तुजी आय." त्या बाईला सांगून दमयंती शाळेत गेली, तिला सांगून अंगणवाडीत नोकरीला लागली. आता साठी उलटली तरी बाजाराला निघताना "आये, येते गो" म्हटल्याशिवाय तिचं पाऊल बाहेर पडत नसे.

तर गेल्या गणपतीत चुलतभावाचा मुलगा रितेश आला आणि त्याला आत्याचा उमाळा आला. पोस्टर मुंबईला नेलं, चुलीची वर्षानुवर्षांची काजळी काढून घेतली, काचेत बसवून झोकात परत आणलं. दमयंतीनं जवळ जाऊन बघितलं. बाईच्या कानशिलावर पांढरे केस होते. लहानपणी ती बाई काळ्या केसांची होती, याची दमयंतीला खात्री होती.

"ही माजी आय नाय. बदललंन कुणीतरी," ती म्हणाली.

"आत्या, काजळीखाली तुला काय दिसत होतं इतकी वर्षं?" रितेश रुसला तो जेवलाच नाही.

असली पोस्टरं आता शौकीन लोक मोठ्या हौसेनं घेतात, आणि अस्सल ठेवून नक्कल परत देणारेही असतात, हे तिनं ऐकलं होतं. त्या दिवसापासून तिच्यानं त्या बाईशी बोलवेना. परक्या बाईला काय सांगायचं? घर एकदम रिकामं वाटायला लागलं. शेवटी तिनं पोस्टर काचेतून काढलं, लुगड्यात गुंडाळलं आणि रत्नागिरीत मांडवीला महेंद्रकडे गेली. महेंद्रला जुन्या पोस्टरांचं वेड. खरंखोटं सांगावं तर त्यानंच, असं लोक म्हणत. बोलण्यात तो तिरसट होता, पण पोस्टराला हात लावण्यापूर्वी त्यानं साबणानं हात धुतले ते तिला बरं वाटलं.

त्यानं कागद खिडकीपाशी आडवा धरला. घड्यांवरून बोट फिरवलं, कडा हुंगली, मग भिंग लावलं.

"नवी नक्कल असती तर सगळीकडे यंत्रछपाईचे ठिपके दिसले असते. इथे बघा, रव्यासारखं खरखरीत दिसतंय ना? दगडावरच्या खडूचं काम आहे. घड्याही जुन्या, झिजलेल्या. ताई, हे अस्सल आहे."

दमयंतीचा जीव भांड्यात पडला. पण महेंद्रचं भिंग कोपऱ्यात गेलं आणि तिथेच अडलं.

"हा चेहरा मात्र छापलेला नाही. वरून रंगवलाय."

"मुंबईत रंगवलानी?"

"नाही. रंग जुना आहे. आणि एका वेळचा नाही, थरावर थर आहेत." तो स्वतःशीच बोलत होता. "खालच्या थरात केस काळे, वरच्यात पांढरे. डोळ्यांशी सुरकुत्या तर एकेक करून काढल्यात. हे नवलच! नकली माल करणारा कागद म्हातारा करतो. बाईला म्हातारी करून त्याला काय मिळणार?"

दमयंतीला शिमगा आठवला. बापूस होता तोवर दर शिमग्याला मुंबईहून यायचा, आणि देवाची पालखी घरून गेली की पोस्टर उतरवून मागच्या पडवीत पाठ करून बसायचा. काय करतोस विचारलं तर म्हणायचा, "काजळी पुसतोय." चुलती करवादायची, कागद पुसायला दिवस लागतो काय? दुसऱ्या लग्नाच्या गोष्टी आल्या तेव्हाही तो असाच पाठ करून बसला होता. वर्षाला दोन केस पांढरे झाले तर घरात कुणाच्या लक्षात येतं? रोज बघण्यातलं माणूस म्हातारं होतं ते कळतच नाही.

"माज्या बापसानं केलंन," ती म्हणाली. "आपल्याबरोबर म्हातारी केलंन तिला."

महेंद्रनं भिंग खाली ठेवलं. मग जपून म्हणाला, "ताई, वरचे थर काढता येतात. जाणता माणूस आहे माझ्या ओळखीचा. खाली पहिला, छापलेला चेहरा आहे. तुमची आई होती तशी, ऐन तरुण."

दमयंती पुढे सरकली. जन्मभर हेच तर हवं होतं तिला! जिनं आपल्याला कडेवर घेतलं ती बाई.

"आनि वरची? ती ऱ्हाईल?"

"नाही. ती पुसली की गेली."

ती पोस्टराकडे बघत राहिली. बापसाचा तिला रागही आला. दरवर्षी भेटत होता बायकोला, चोरून, एकटाच.

"नको," ती म्हणाली. "येवडी वर्सं जगवलंन तिला. मी कशी मारू?"

महेंद्र पोस्टर गुंडाळायला लागला. तिनं त्याचा हात धरला. कानामागे रंगाचा एक टवका उडाला होता, तिथे त्याला भिंग धरायला लावलं आणि वाकून बघितलं. तांदळाच्या कणीएवढ्या जागेत खालचे केस दिसत होते, काळेभोर.

"येवडीच दिसली," दमयंती म्हणाली, आणि त्याच्या हातातलं भिंग घेऊन पुन्हा वाकली.