‘च’मागचा पाझर

वाचनालयाच्या दगडी भिंतीपुढे सकाळपासून झुंबड उडाली होती. कुणी बाटल्या आणल्या होत्या, कुणी डबे, एकाने तर चक्क बादली. भिंतीवर ‘वाचनालय’ ही पितळी अक्षरं नुकतीच बसली होती आणि त्यातल्या ‘च’च्या मागून पाणी ठिबकत होतं. वर गुलाबाचा घमघमाट!

“दगडाला पाझर फुटलाय, लेकरांनो!” झरेबाबा घसा ताणून ओरडत होता. चार दिवसांपूर्वी या माणसाला गल्लीतलं कुत्रंही ओळखत नव्हतं. “मूळव्याध, मधुमेह, कोर्टकचेरी, सगळ्यावर एकच घोट! पण औषधं बंद करायची हं, नाहीतर पाणी रुसतं!”

पाणी रुसतं म्हणे! अक्षरं बसवणारा फिटर गर्दीत शिरला तो या बडबडीनं वैतागूनच. आणि पुढे रांगेत त्याला त्याची बहीण दिसली. खांद्यावर चार वर्षांची पोर, मान टाकलेली, ओठ सुकलेले.

“अगं, हिला काय झालं?”

“जुलाब, दादा. तीन दिवस झाले.”

“आणि डॉक्टरांचं औषध?”

“बंद केलं. हेच पाणी देतेय. जुलाब वाढलेत, पण बाबा म्हणतात रोग बाहेर पडतोय.”

फिटरने वर ‘च’कडे पाहिलं आणि त्याला ते भोक पाडतानाचं सगळं आठवलं. भिंत ओबडधोबड. कुठे दगड पुढे आलेला, कुठे आत गेलेला. भोकं सारखी खोल व्हावीत म्हणून त्याने ड्रिलला चिकटपट्टीची खूण केली होती. पण ‘च’च्या जागी दगडात चार बोटं खळगा होता, आणि खूण त्याने खळग्याच्या तळापासून धरली. म्हणजे ड्रिल भिंतीत चार बोटं जास्त गेलं. शेवटी तर सुळकन आत गेलं होतं. दगडांतली फट असेल, म्हणून त्याने मसाला भरला आणि शिडी पुढे सरकवली. शहाणाच की नाही!

आता बोललं तर नाव जाणार, पुढची कामं जाणार. गप्प बसलं तर भाची. ‘खड्ड्यात गेलं नाव,’ म्हणत तो वाचनालयाचा जिना चढला.

“बाई, या ‘च’च्या मागे काय आहे हो?”

“आमचा संडास,” ग्रंथपालबाई म्हणाल्या. “का?”

“मग माझं ड्रिल त्याच्या नळात घुसलंय,” फिटर म्हणाला. “शिक्क्याची जांभळी शाई आहे ना? मी शिडीवर चढलो की संडासात बाटलीभर ओता आणि पाणी सोडा.”

शिडी लागताच बाबा खवळला. “हात लावू नकोस! जळून खाक होशील!”

“बसवताना नाही झालो,” फिटर म्हणाला. अक्षर आणि दगड यांच्यामधल्या फटीत त्याने दोन बोटं घातली आणि कापसाचा बोळा ओढून काढला. अत्तरात भिजलेला! बोळा निघाला तशी खरी दुर्गंधी सुटली. माणसांनी नाकाला पदर लावले, रुमाल लावले. वरून पाणी सोडल्याचा आवाज आला आणि ‘च’खालून जांभळा ओघळ सुरू झाला.

“संडासाचं पाणी आहे हो ते!” बाई खिडकीतून ओरडल्या. “शाई मीच ओतलीय!”

बादलीवाला तिथेच ओकला.

“शक्तीनं रंग बदलला!” बाबाचा अजून हेका.

“मग घ्या एक घोट,” फिटरने बाटली पुढे केली.

“आज माझा उपास आहे.”

“चार दिवस लोकांना गटार पाजलंस, तेव्हाही उपासच होता काय रे, नीच माणसा?”

बाबा पिशवी उचलून पळू लागला. लोकांनी त्याला धरलं. फिटर तिकडे वळलाच नाही. भाचीला उचलून तो बहिणीसकट धावत दवाखान्यात पोचला. डॉक्टरीणबाईंनी पोरीला लगेच सलाईन लावलं. “वाचेल. पण उद्या आणली असती तर मी हात टेकले असते.”

शेजारच्या खाटांवर आणखी पाच मुलं होती. बहिणीने एकेका आईकडे पाहिलं. “तुम्हीपण ‘च’चं पाणी?” “आम्हीपण,” एक आई म्हणाली.

फिटर दारातच थांबला. “भोक मी पाडलं,” तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. “ती चूक माझी आणि ती मी निस्तरेन. पण चार दिवसांत एवढ्या माणसांतून एकालाही वाटलं नाही का, की जिना चढून बघावं हे पाणी येतंय कुठून? वीस पायऱ्या होत्या हो फक्त. पोरांच्या तोंडात काही घालण्याआधी एवढं तरी करत जा.”