पाच नावांची यादी

त्या जुन्या अदलाबदलीवर लेख लिहायचाय, असं टेसा मॉर्क नावाची पत्रकार फोनवर म्हणाली तेव्हा एल्डन रूशने ऐकू न आल्याचं सोंग केलं. ऐंशी वर्षं झाली की माणसाला एवढी एक सवलत मिळते. पण पोरगी चिकट होती. तिने तेच पुन्हा मोठ्याने सांगितलं. अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट, वेड सोर्ली गेला आणि लॉनी टॅकेट राहिला, ती. तिला मिलर्स फोर्डच्या मैदानावर लॉनी आणि एल्डन दोघांचा एकत्र फोटो हवा होता.

"लॉनी येणार आहे?" एल्डनने विचारलं. कान एकदम बरे झाले होते.

"मिस्टर एल्डन येणार असतील तर येतो म्हणाले. अख्ख्या क्लबात माझ्या बाजूचा तेवढा एकच माणूस होता, असं म्हणत होते."

एल्डनने हो म्हटलं, फोन ठेवला आणि स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसून राहिला. समोरचं सँडविच तसंच सुकलं. लाज त्याला नवी नव्हती, छत्तीस वर्षं ती घरातच राहायला होती. पण इतकी राहिली की तिचीही सवय होते, आणि मग कुणीतरी फोन करून चांगलं बोलतं आणि ती पुन्हा नवी होते.

एल्डनचा धंदा स्काउटचा, म्हणजे पोरं हेरण्याचा. ओहायो नदीच्या दोन्ही काठांवरची शाळांची मैदानं पालथी घालायची, बॅटवाला उभा राहतो त्या होमप्लेटमागे घडीची खुर्ची टाकून बसायचं, वेग मोजायचं यंत्र चेंडूवर रोखायचं, आणि एखादा पोरगा बेसबॉलच्या मोठ्या लीगपर्यंत जाईलसा वाटला की त्याची क्लबासाठी सही घ्यायची. अकरा वर्षांत त्याचा एकही पोरगा वर पोचला नव्हता. बाकीचे स्काउट हिवाळ्यात जेवायला जमले की हे त्याला न विसरता ऐकवत.

मग त्याला लॉनी सापडला. पूर्व केंटकीतल्या खाणींच्या मुलखातला, अठरा वर्षांचा, डाव्या हाताने चेंडू फेकणारा, हात गुडघ्याला टेकतील एवढे लांब. सही घ्यायला एल्डन घरी गेला तेव्हा लॉनीच्या आईने, वर्नाने, त्याला बीन्स आणि मक्याचा पाव वाढला. पैशांचं तिने काही विचारलं नाही. ताट उचलता उचलता एवढंच म्हणाली, "ह्याचा बाप पिऊन ट्रकसकट नदीत गेला, मिस्टर एल्डन. बाहेर आम्ही अपघात म्हणून सांगतो. ह्याने बायबलवर हात ठेवून मला शब्द दिलाय. तिकडे कुणी ह्याला पाजली तर मला कळवाल?"

"कळवीन," एल्डन म्हणाला. "माझी नजर राहील त्याच्यावर."

नजर राहिली, यात शंका नाही. लॉनीच्या प्रत्येक सामन्याचे आकडे एल्डन खिशात घालून फिरायचा. दोन वर्षांत पोरगा असा तयार झाला की रूशचं एक अंडं उबलं एकदाचं, असं त्याला चिडवणारेच म्हणायला लागले.

आणि अठ्ठ्याऐंशीच्या ऑगस्टमध्ये क्लबाने दुसऱ्या एका क्लबाकडून पहिल्या बेसवरचा एक जुना, भरवशाचा खेळाडू घेतला. बदल्यात द्यायचा तो एक तरुण पोरगा, पण कोण ते नंतर ठरायचं होतं. अशी पद्धतच होती. पाच नावं लिहून द्यायची, समोरच्यांचा माणूस येऊन हंगाम संपेपर्यंत पाचही पोरं बघणार, आणि ऑक्टोबरात त्यांतला एक उचलणार. पोरांना यादीतलं अक्षरही कळू द्यायचं नाही. त्या पाचांत लॉनी होता.

एल्डनने पोरांचा कारभार बघणाऱ्या बडी क्रेलला फोनवर वाट्टेल ते सुनावलं.

"पाचांतला एक नेणार आहेत," बडी म्हणाला. "तुझाच नेतील कशावरून? आणि नेला तर नेला. पोरं क्लबाची आहेत रे बाबा, तुझ्या मांडीवरची नाहीत."

समोरच्यांकडून आला गस पेलेरिन. वीस वर्षांची ओळख. क्लबाची तरुण पोरं खेळायची त्या मिलर्स फोर्डच्या मैदानावर दोघं खुर्चीला खुर्ची लावून बसले आणि सूर्यफुलाच्या बियांची एकच पुडी दोघांत फिरू लागली. स्काउट लोकांचं हे असंच असतं, एकमेकांच्या मुळावर उठलेले आणि एकमेकांशेजारीच बसलेले. एकमेकांना थापा मारणं तर धंद्याचाच भाग. पण त्या थापा कौतुकाच्या असतात. प्रत्येक जण आपल्या गाढवाला घोडा म्हणतो, म्हणून कौतुकावर कुणी विश्वास ठेवत नाही. आपल्याच पोराबद्दल कुणी वाईट बोललं, तर मात्र समोरचा ते तत्काळ खरं मानतो. एल्डनला हे चांगलं ठाऊक होतं.

त्या दुपारी लॉनीने सात डावांत अकरा जणांना बॅटही लावू दिली नाही. गसची पेन्सिल थांबेना.

"काय रे म्हाताऱ्या," गस म्हणाला, "हा यादीत कसा? तुमच्याकडे शुद्धीवर कुणी आहे की नाही?"

एल्डनने टरफलं थुंकली. "हात सोन्याचा आहे. संध्याकाळी तेवढं जपावं लागतं."

"म्हणजे?"

एल्डनने अंगठा तोंडाशी नेला. मग, तेवढ्याने भागलं नसतं म्हणून की काय, म्हणाला, "बापावर गेलाय. बाप पिऊन नदीत गेला."

गसने वही मिटली. ऑक्टोबरात त्यांनी यादीतल्या वेड सोर्लीला उचललं. वेड पुढे चौदा वर्षं मोठ्या लीगमध्ये खेळला, आणि गस पेलेरिनची पारख लोकांनी वाखाणली.

गसशी ते बोलणं झालं त्या रात्री घरी जाताना एल्डन गाडीत शीळ घालत होता. हे आठवलं की आजही त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पोराला वाचवलं, असं तो स्वतःला सांगत होता. खरं तर त्याने स्वतःचं अंडं वाचवलं होतं, दुसऱ्याच्या खुराड्यात जाऊ नये म्हणून.

पुढे व्हायचं तेच झालं. गसने आपल्या माणसांना सांगितलं, त्यांनी आणखी कुणाला, आणि पुढच्या वसंतात ते बोलणं फिरून एल्डनच्याच क्लबात आलं. प्रशिक्षक लॉनीची पाण्याची बाटली हुंगू लागला. एकदा तापाने फणफणलेला असताना त्याची बस चुकली, तर सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. पोरगा बावरला आणि चेंडू भरकटायला लागले.

बडी क्रेलने एल्डनला बोलावून विचारलं, "तू आणलास त्याला. खरंच पितो का?"

एक वाक्य पुरलं असतं. पण व्यवहारात दुसऱ्या क्लबाशी खोटं बोललो, हे कबूल केलं की नोकरी गेलीच, आणि पुन्हा कुठल्या मैदानावर कुणी शेजारी बसू दिलं नसतं. एल्डन गालिचाकडे बघत म्हणाला, "माझ्याही कानावर आलंय."

नव्वदच्या जूनमध्ये लॉनीला काढलं. दुसऱ्या कुणी घेतलं नाही. आठवड्याने वर्नाचा फोन आला. "तुम्ही कळवतो म्हणाला होतात."

"घरापासून लांब असली पोरं की, मिसेस टॅकेट..." एल्डन म्हणाला, आणि वाक्य तिथेच सोडलं. यापेक्षा मोठं शेण त्याने आयुष्यात खाल्लं नाही.

मिलर्स फोर्डचं मैदान आता शाळेकडे होतं आणि त्याची निगा लॉनीच ठेवायचा. छप्पन्न वर्षांचा, केस पांढरे, हात अजून तेवढेच लांब. सकाळच्या उन्हात तो चुन्याचं गाडं ढकलत पहिल्या बेसची रेघ मारत होता. एल्डनला बघून गाडं सोडून आला आणि दोन्ही हातांनी त्याचा हात धरला.

"गाडी अजून स्वतः चालवता, मिस्टर एल्डन? रस्त्यावरच्यांना सावध करायला हवं होतं."

टेसाने फोटो काढले, ध्वनिमुद्रणाचं छोटं यंत्र लावून दोघांना काहीबाही विचारलं. एल्डनने ठरलेली उत्तरं दिली. मग म्हणाला, "बाई, जरा ते बंद करा. आम्हाला दोघांना बोलू द्या." ती उठून मोटारीकडे गेली.

दोघं लाकडी बाकावर बसले. लॉनी म्हणाला, "आई मार्चमध्ये गेली."

"मला माहीत नव्हतं."

"तुमचं नाव शेवटपर्यंत काढायची. म्हणायची, मिस्टर एल्डन भला माणूस, माझ्या पोराविरुद्ध तोंडातून शब्द काढला नाही, पण त्याच्या गप्प बसण्यावरूनच मला कळलं." लॉनी हसला. "तुम्हालाही कुणीतरी फसवलं असणार, मी तिला सांगायचो. पटलं नाही तिला. मी घरात शिरलो की गळ्यात पडायची आणि माझं तोंड हुंगायची. चौतीस वर्षं. हॉस्पिटलात, नाकात नळी असताना सुद्धा वाक म्हणाली."

एल्डनला मान वर करता येईना.

"मी एक थेंब घेतलेला नाही कधी," लॉनी म्हणाला. "माझं काय, मी जगलो. पण मी पितो असं उठवणारा कोण होता, तेवढं कळायला हवं होतं."

"मी होतो," एल्डन म्हणाला.

मग त्याने सांगितलं. यादी, गस, बियांची पुडी, अंगठा. बडीच्या खोलीतला गालिचा. काही वगळलं नाही. लॉनी ऐकत चुन्याने माखलेली बोटं एकेक करून पँटला पुसत राहिला.

"बापाचं सांगितलंत?" त्याने शेवटी विचारलं.

"सांगितलं."

"ते तिने तुम्हाला जेवायला वाढून सांगितलं होतं."

"हो."

लॉनी उठला. आता हा मारेल, असं एल्डनला वाटलं, आणि मारलं तर बरं, असंही वाटलं. पण लॉनीने मोटारीकडे तोंड करून हाक दिली, "बाई, ते यंत्र घेऊन या इकडे."

"लॉनी, मी तुला सांगितलं ना," एल्डन घाईने म्हणाला. "तुझ्या तोंडावर सांगितलं. पेपरात कशाला आता? गस गेला, बडी गेला. तुला कळलं, बस झालं की."

"मला काय कळलं?" लॉनी म्हणाला. "मी पीत नव्हतो, हे मला माहीतच होतं."

टेसा येऊन बसली. तिने यंत्र दोघांच्या मध्ये बाकावर ठेवलं, त्यावरचा लाल दिवा लागला. "पाच नावांची एक यादी होती..." एल्डन खाली बघत पुटपुटला.

"मोठ्याने, मिस्टर एल्डन," लॉनी म्हणाला. "आणि यादीपासून नको. आमच्या स्वयंपाकघरापासून सांगा."