रिकामी शववाहिनी

मिसिसिपीच्या खोऱ्यातील त्या लहानशा नगरात लुशियस टॉलिव्हर हे नगरसेवक होते आणि अंत्यसंस्कारगृहाचे मालकही तेच. लग्नाचे आमंत्रण त्यांना देण्यास लोक एकवेळ विसरत; परंतु मरणाच्या प्रसंगी त्यांच्यावाचून कोणाचेही चालत नसे.

वर्नेल पिकेट ही आरोग्यसेविका एचआयव्ही तपासणीची गाडी घेऊन दर शनिवारी चौकात उभी राहत असे. परंतु त्या गाडीत कोणी पाऊल ठेवीत नसे. पायरी चढताना कोणी पाहिले, की रविवारी चर्चमध्ये कुजबुज ठरलेली. आता या शनिवारीही गाडी रिकामी राहिल्यास ती अन्य नगरास दिली जाईल, असे वरिष्ठांनी कळविले होते. औषध हाताशी असूनही वर्नेलचा धाकटा भाऊ केवळ लाजेपायी या आजाराने गेला होता. गाडी जाणे म्हणजे त्याला पुन्हा पुरणे, असे तिला वाटे.

महापौरांनी चौकात येण्याचे वचन दिले आणि ते आले नाहीत. तेव्हा ती टॉलिव्हरांकडे गेली. तुम्ही फक्त गाडीशेजारी उभे राहा, एवढीच तिची विनंती होती. शवपेटीची पितळी कडी पुसत त्यांनी सारे ऐकून घेतले.

"माझ्या शेजारी उभं राहायला जिवंत माणूस बिचकतो, वर्नेल," ते म्हणाले. "माझी गिऱ्हाइकं कधी तक्रार करत नाहीत, तेवढंच काय ते सुख." मग फडके बाजूला ठेवून म्हणाले, "शनिवारी तुझी गाडी माझ्या मागं लाव. दिवे लावून."

शनिवारी भर दुपारी दिवे लावलेली काळी शववाहिनी मुख्य रस्त्याने संथपणे निघाली आणि तिच्यामागे वर्नेलची गाडी. अंत्ययात्रा दिसताच तिथल्या रीतीप्रमाणे वाहने कडेला थांबली. शेरीफही थांबला, कापसाचा ट्रकही थांबला. केशकर्तनालयातून अर्धवट दाढीची माणसे बाहेर आली व त्यांनी टोप्या काढल्या. कोण गेले हे न कळताच लोक मागून चालू लागले.

चौकात टॉलिव्हर उतरले आणि त्यांनी दोन्ही हातांनी मागचे दार उघडले. आत काहीही नव्हते.

"कोण गेलं रे, लुशियस?" चर्चमधील सर्वांत वयोवृद्ध मिस ओथेला यांनी विचारले.

"अजून कोणी नाही, मिस ओथेला. म्हणून तर उघडून दाखवतोय."

मग ते जमावाकडे वळले. "तुमची कितीतरी पोरं मी यातून नेली. तुम्ही म्हणालात न्यूमोनिया सांग, मी न्यूमोनिया सांगितला. तो शब्द मी मरेपर्यंत पाळीन. पण आता त्या खऱ्या आजारावर गोळ्या आहेत. त्या घेऊन माणसं म्हातारी होतात. मागच्या गाडीत चढा. माझ्या गाडीला घाई नाही."

वर्नेलला वाटले, त्या चौकात जणू सारे मृतच येऊन उभे राहिले होते, आणि कोणालाही त्यांची लाज वाटत नव्हती.

मिस ओथेलांनी आपली पर्स टॉलिव्हरांच्या हाती दिली. "धर. आणि शवपेटीचं माप घेतल्यासारखा बघू नकोस माझ्याकडे."

त्या पायरी चढल्या. त्यांच्यामागे, अंत्यदर्शनास लागावी तशी, निमूट रांग लागली.

घाईत वर्नेलला सुईचे पाकीट फाडता येईना. मिस ओथेलांनी ते फाडून दिले आणि बोट पुढे केले.

"चल पोरी, टोच लवकर. मागं लोक उभे आहेत."