सांडव्यावरचा जास्तीचा थर

मित्रांनो, माझ्याकडे पाहून कुणी थांबावं असं माझ्यात काही नाही. मी एक जुना मातीचा बांध आहे. सांगण्यासारखंही फारसं नाही, आणि जे आहे ते नीट सांगता येईल की नाही, याची मला शंकाच आहे. तरी ऐका.

ट्युनिशियाच्या दक्षिणेला, मतमाताच्या डोंगरांतल्या एका घळीत मी आडवा पडून आहे. माझ्या वरच्या शेताचा आजचा मालक बल्कासेम; त्याच्या खापरपणजोबांनी मला बांधलं. हल्फा गवताच्या टोपल्यांतून बायकांनी माती वाहिली, पुरुषांनी ती तुडवली. त्या पायांचा मी अजून ऋणी आहे. इथे दक्षिणेकडून वाळवंटाचा तापलेला वारा येतो आणि पूर्वेकडून समुद्राचे ढग. वारा पुष्कळ, ढग थोडे. पाऊस म्हणजे वर्षातले मोजके दिवस. वरच्या उतारांवर हल्फा आणि दवण्यासारख्या वासाची करडी झुडपं, बाकी नुसता दगड. त्यावरून धावत येणारं पाणी मी अडवतो. गाळ बसतो, आणि त्या गाळात ऑलिव्ह, अंजीर, थोडं जव उभं राहतं.

माझ्या एका टोकाला दगडी सांडवा आहे. माझं पोट भरलं की उरलेलं पाणी त्यावरून खाली हानियाच्या शेतात उतरतं. हानिया म्हातारी विधवा. सहा ऑलिव्हची झाडं एवढाच तिचा संसार. गाळ साचत जातो तसा सांडवा मधूनमधून उंच करावा लागतो. पण खालच्या शेजाऱ्याला बोलावल्याशिवाय त्यावर दगड ठेवायचा नाही, शेवटचा दगड त्यानेच बसवायचा, अशी इथली रीत.

दोन वर्षं पाऊस रुसला. बल्कासेमची अंजिरं सुकू लागली. माणूस वाईट नव्हे, घाबरलेला होता. एका दुपारी गाव लग्नाला गेलेलं असताना त्याने सांडव्यावर दगडांचा एक थर चढवला आणि चुन्याने पक्का केला.

नोव्हेंबरात पाऊस आला, तो दोन वर्षांचा एकदम. सांडवा उंच झालेला, त्यामुळे पाणी माझ्या माथ्यापासून वीतभरच खाली उरलं. मातीच्या बांधावरून पाणी गेलं की तो संपला. आणि मी फुटलो असतो तर खालचं शेतही गेलं असतं. मला फार भीती वाटली. बल्कासेम माझ्या माथ्यावर नुसता पाहत उभा होता. तेवढ्यात हानिया पहार घेऊन घळ चढून आली.

"बल्कासेम! खाली माझ्याकडे थेंब नाही, आणि वर तू समुद्र साठवतोयस?"

"मावशी, एकच थर लावला होता..."

"मावशी म्हणतोस आणि पाणी सावत्र आईसारखं वाढतोस! लाज नंतर वाटून घे. आधी पहार धर."

"मागे व्हा, पाय घसरेल तुमचा."

"सत्तर वर्षं घसरला नाही, तो आज तुझ्यासाठी घसरेल होय?"

माझा माथा एका जागी विरघळू लागला. बल्कासेमने अंगावरची लोकरीची घोंगडी काढून त्या खिंडारात कोंबली, वर दोन दगड ठेवले आणि पहार घेऊन सांडव्याला भिडला. चुना निघता निघेना. मग पहिला दगड सुटला, दुसरा हानियाने हातांनीच उपसला, आणि पाणी खाली झेपावलं. हळूहळू माझ्यावरचा भार उतरला.

बल्कासेम मान खाली घालून उभा होता. हानियाने डोक्यावरचं फडकं पिळलं.

"गाळ चढलाय, मला काय दिसत नाही? विचारलं असतंस तर अर्धा थर मीच दिला असता, वेड्या."

पुढच्या वसंतात तिने येऊन अर्धा थर बसवला. खाली तिच्या झाडांना नवी पालवी होती, वर अंजिरं हिरवी होती. एवढ्या आयुष्यात मला यापेक्षा जास्त काही मिळालं नाही, आणि हवंही नव्हतं.

मित्रांनो, तुमच्या गावातही माझ्यासारखा एखादा असेल. पावसाआधी एकदा त्याच्यावरून चालत जा, उंदरांची बिळं बुजवा. आणि सांडव्याला हात लावायचाच असेल, तर आधी खालच्या घराचं दार वाजवा.